उंची ११ सेंटिमीटर वाढली, मग फिटनेस रिपोर्टमधले आकडे का घसरले?

पत्र: आम्ही सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात राहतो. मुलगा आठवीत, वय १३ वर्षं ८ महिने. शाळेतून फिटनेस टेस्टचा रिपोर्ट आला. सातवीत जानेवारीत झालेल्या टेस्टशी ताडून पाहिला तर जवळजवळ सगळंच घसरलंय. ५० मीटरला ९.२ सेकंद होते, आता ९.३. ६०० मीटर ३ मिनिटं ५ सेकंदांत धावला होता, यंदा ३ मिनिटं २५. सिट अँड रीच, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायची टेस्ट, २४ सेंटिमीटरवरून १७. कर्ल-अप (पाठीवर झोपून खांदे उचलणं) २४ चे २३, पुश-अप ११ चे ८. उंची मात्र १४९ ची १६० झाली आणि वजन ३७ किलोचं ४५. यंदाची टेस्ट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी अकराला घेतली. घरातही हल्ली उंबऱ्याला ठेचकाळतो, हातातून भांडी सुटतात. खो-खोच्या संघातून त्याला वगळलं, आणि त्याच्याच वर्गातला मिसरूड फुटलेला एक मुलगा सगळ्यांत पुढे. याच्या बाबांचं म्हणणं, याच्यात खेळाचं अंगच नाही, नववीपासून खेळ बंद करून क्लास लावू. मला वाटतं, सुट्टीत एखाद्या अकॅडमीत घालावं. रिपोर्टवरून नेमकं काय समजायचं? धाकटी ११ वर्षांची आहे, तिचंही असंच होईल का?
— एक आई, सोलापूर

उत्तर:

ताई, नमस्कार. तुम्ही दोन्ही वर्षांचे आकडे, महिना आणि टेस्टची वेळसुद्धा लिहिलीत हे फार बरं झालं. त्यामुळे नीट बोलता येतं.

आधी उंचीकडे बघा. १४ महिन्यांत ११ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला साधारण साडेनऊ सेंटिमीटर. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती सरासरी १४ व्या वर्षाच्या आसपास, मुलींची १२ च्या आसपास, आणि मुलांमध्ये त्या वर्षभरातला वेग नऊ-दहा सेंटिमीटरच्या घरात असतो. तुमचा मुलगा आत्ता बरोबर त्या टप्प्यात आहे. या काळात आधी पाय लांब होतात, मग धड. वजन त्यामागून येतं, आणि स्नायूंची ताकद सगळ्यात शेवटी, उंचीचा जोर ओसरल्यावर सहा महिने ते वर्षभराने जोमाने वाढते. मधल्या काळात हाडं लांब झालेली असतात आणि ती ओढणारे स्नायू अजून त्या मापाचे झालेले नसतात. रिपोर्टमधली बरीचशी घसरण इथूनच येते. आता एकेक ओळ घेऊ.

पुश-अपपासून सुरुवात करू, कारण तिथे हिशेब मांडता येतो. पुश-अपमध्ये हातांवर शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन येतं. गेल्या वर्षी ३७ किलोच्या मुलाने दर वेळी सुमारे २५ किलो उचललं, ११ वेळा. यंदा ४५ किलोच्या मुलाने सुमारे ३० किलो उचललं, ८ वेळा. शिवाय हात लांब झाल्यामुळे दर वेळी अंतरही थोडं जास्त. गुणाकार करून पाहिलात तर एकूण केलेलं काम थोडंच कमी भरतं. रिपोर्टच्या कागदावर मात्र ११ चे ८ झाले, म्हणजे पाव हिस्सा ताकद गेली असं वाटतं. शिवाय गेल्या वर्षी कोपर काटकोनात वाकेपर्यंत छाती खाली नेली होती का आणि यंदा अर्धवट पुश-अप मोजले नाहीत का, हेही माहीत नाही. पुश-अप आणि कर्ल-अप या दोन्ही ओळींत मोजणाऱ्याच्या कडकपणाचा वाटा मोठा असतो. कर्ल-अपचा एकचा फरक सोडूनच द्या.

५० मीटरच्या ९.२ आणि ९.३ मध्येही वाचण्यासारखं काही नाही. हाताने स्टॉपवॉच दाबून घेतलेली वेळ विजेवर चालणाऱ्या यंत्रणेपेक्षा कमी भरते. अॅथलेटिक्समध्ये १०० आणि २०० मीटरच्या हाती घेतलेल्या वेळेत त्यासाठी ०.२४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे. कारण साधं आहे: सुरुवातीला इशारा झाल्यावर बोट उशिरा हलतं, शेवटी मात्र धावणारा येताना दिसत असतो, त्यामुळे बोट वेळेवर पडतं. शाळेत आणखी एक गोष्ट होते. सर शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभे असतात आणि शिट्टी सुरुवातीच्या रेषेवर वाजते. आवाजाला ५० मीटर यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केलं तर प्रत्येक मुलाची वेळ तेवढी कमी दिसते, हात किंवा झेंडा खाली पडताना बघून सुरू केलं तर दिसत नाही. एका वर्षी एक पद्धत आणि दुसऱ्या वर्षी दुसरी वापरली गेली की ०.१ चा फरक आपोआप तयार होतो. तेव्हा वेग आहे तसाच आहे असं धरा. आठ किलो वजन वाढूनही तो तसाच राहिला, ही खरं तर चांगली खूण आहे.

६०० मीटरचे २० सेकंद मात्र खरे असू शकतात, पण त्याचं पहिलं कारण घड्याळात आणि पाऱ्यात शोधा. जानेवारीतली सोलापूरची सकाळ आणि मार्चअखेरचे अकरा वाजता, ही एकच परीक्षा नव्हे. त्या दिवसांत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि अकरापर्यंत मैदान तापलेलं असतं. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात आणि दम लवकर जातो. त्या उन्हात १३ वर्षांच्या मुलांना ६०० मीटर पळवणं चुकीचंच आहे. पालकसभेत हे शांतपणे पण ठाम सांगा: ही टेस्ट सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत किंवा सकाळी आठच्या आत व्हावी, आणि आधी मुलांनी पाणी प्यायलेलं असावं.

दुसरं कारण, पळण्याची पद्धत. ६०० मीटरमध्ये दम मोजला जातो तसा धीरही मोजला जातो. बहुतेक मुलं पहिले १०० मीटर शर्यत असल्यासारखी सुटतात, ३०० ला पोटात कळ येते आणि शेवटचे २०० चालत काढतात. ३ मिनिटं २५ सेकंद म्हणजे दर १०० मीटरला साधारण ३४ सेकंद. तुमच्या मुलाला विचारा, पहिली फेरी कशी पळलास आणि शेवटी चाललास का? चालला असेल तर दमाची शंका घेण्याआधी वेगाची विभागणी शिकवायला हवी, आणि ती महिन्याभरात शिकता येते. शाळेचं मैदान लहान असेल तर ६०० मीटरसाठी सहा-सात फेऱ्या होतात, वळणं वाढतात आणि एखादी फेरी मोजायची राहून जाते किंवा जास्तीची होते, हेही लक्षात ठेवा.

या ओळीखाली एक तपासणी जरूर करून घ्या: हिमोग्लोबिन. लोह कमी असलं की सगळ्यात आधी ६०० मीटरवर परिणाम दिसतो आणि घरचे म्हणतात, आळशी झालाय. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत १२ ग्रॅमच्या खाली आकडा आला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला लोह आणि फॉलिक अॅसिडची जी गोळी देतात ती मुलं बऱ्याचदा खिशात घालून घरी आणतात किंवा टाकून देतात. तुमची दोन्ही मुलं ती खरंच घेतात का ते पाहा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून डबा खाल्ल्यावर घ्यायला सांगा.

आता सिट अँड रीचची ७ सेंटिमीटरची घसरण. पाय आधी लांब झाले आणि धड-हात मागे राहिले की गुडघे सरळ ठेवून बोटं पुढे नेताना आकडा कमी भरतोच. त्यात मांडीच्या मागचे स्नायू वाढत्या हाडावर काही काळ ताणलेले असतात. शिवाय बोटं कुठवर गेली ते ज्या पेटीवर मोजतात तिच्यावर शून्य कुठे धरायचं, हे वेगवेगळ्या पेट्यांमध्ये वेगळं असतं. काहींमध्ये तळव्यांच्या रेषेवर १५ चा आकडा असतो, काहींमध्ये २३ चा. पेटी बदलली असेल तर तुलनाच रद्द. घरी असं करून पाहा: त्याला भिंतीला पाठ, डोकं आणि खांदे टेकवून, पाय सरळ पुढे करून बसवा. तळवे एका खोक्याला टेकलेले. पाठ न हलवता हात पुढे केल्यावर बोटं जिथे येतात तिथे शून्य धरा आणि मग वाकून किती पुढे जातात ते मोजा. यात हातापायांच्या लांबीचा फरक बराचसा निघून जातो. हा आकडा दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा. तेवढ्यासाठी त्याच्या पाठीवर दाब देऊन त्याला वाकवू नका. घरातली मोठी माणसं मदत म्हणून हे करतात आणि मांडीमागचा स्नायू दुखावतो.

वजन-उंचीचं प्रमाण (बीएमआय) गेल्या वर्षी १६.७ होतं, यंदा १७.६. या वयात मोठ्या माणसांचं कोष्टक लावायचं नसतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते असतात, त्यावर वयानुसार बघायचं. बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. तुमच्या मुलाच्या आकड्यात काळजीचं काही दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. उंबऱ्याला ठेचकाळणं, भांडी सुटणं, खो-खोतून वगळलं जाणं, या तिन्हींबद्दल या रिपोर्टमध्ये एकही ओळ नाही. फिट इंडिया - खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या शालेय चाचणीच्या पद्धतीत ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तोल आणि हाताची चपळता मोजणाऱ्या दोन चाचण्या आहेत. ९ वर्षांपासून पुढे मात्र वजन-उंची, ५० मीटर, ६०० मीटर, सिट अँड रीच, कर्ल-अप आणि पुश-अप एवढंच उरतं. तोल, समन्वय, वळण्याची चपळाई, प्रतिक्रियेचा वेग, फेकणं-झेलणं, म्हणजे ज्याला शारीरिक शिक्षणात कारक क्षमता म्हणतात त्यातला मोठा भाग आठवीच्या रिपोर्टमध्ये मोजलाच जात नाही. मोजलं नाही त्यात मूल नापास कसं होईल?

अशा चाचण्या मुळात एकेका मुलाचा निकाल लावायला निघाल्याही नाहीत. १९५० च्या दशकात क्राउस-वेबर चाचणीत अमेरिकेतली मुलं युरोपातल्या मुलांपेक्षा फार मागे पडली, तिथे खळबळ माजली, १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली, आणि त्यानंतर शाळाशाळांतून ५० यार्ड धावणं, ६०० यार्ड, लांब उडी अशी मालिका सुरू झाली. पिढी कुठे चालली आहे ते कळावं, हा त्यामागचा हेतू. तुमच्या शाळेने सगळ्या आठवीचे आकडे एकत्र पाहिले तर त्यातून तासांचं नियोजन सुधारता येईल. एका मुलाला खेळाचं अंग आहे की नाही, ते त्यातून निघत नाही.

आणि 'खेळाचं अंग' ही एकच गोष्ट आहे, हेही खरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले फ्रँकलिन हेन्री यांनी १९५०-६० च्या दशकांत हे प्रयोगांतून दाखवलं की वेगवेगळ्या हालचालींच्या क्षमतांचा एकमेकींशी संबंध फार कमी असतो. जो तोल सांभाळण्यात चांगला तो प्रतिक्रियेत चांगला असेलच असं नाही. त्याच्या बाबांना हे आवर्जून सांगा. मूल एका ओळीत मागे असलं म्हणजे दुसऱ्या ओळीतही मागे, असं गृहीत धरता येत नाही. ती ओळ मोजूनच बघावी लागते.

तर मोजा. घरी आणि कॉलनीच्या मैदानावर पाच गोष्टी मोजता येतात, एका रविवारच्या सकाळी, सात वाजता.

तोलासाठी सुताराकडून ५० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टी करून घ्या, ती हलू नये म्हणून खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकून घ्या. अनवाणी एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाचं पाऊल त्याच बाजूच्या हाताने मागे धरायचं. तोल जाऊन पाय टेकला की घड्याळ थांबवायचं, पुन्हा उभा राहिला की चालू करायचं. एक मिनिट भरेपर्यंत किती वेळा पडला ते मोजा. पहिल्या ३० सेकंदांतच १५ च्या वर गेलं तर थांबवा आणि वहीत 'अजून जमत नाही' एवढंच लिहा.

समन्वयासाठी भिंतीपासून २ मीटरवर फक्कीची रेघ ओढा. टेनिसचा चेंडू उजव्या हाताने खालून भिंतीवर मारायचा आणि डाव्या हाताने झेलायचा, मग डाव्याने मारून उजव्याने. ३० सेकंदांत किती झेल होतात ते मोजा. खडबडीत दगडी भिंत नको, चेंडू कुठेही उडतो.

प्रतिक्रियेसाठी ३० सेंटिमीटरची शाळेतली पट्टी पुरते. तुम्ही ती वरच्या टोकाला धरा, त्याची बोटं खाली शून्याजवळ, न टेकता. न सांगता सोडा आणि कुठे पकडतो ते पाहा. १५ सेंटिमीटरवर पकडली म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. पाच वेळा करा, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी घ्या. मूल सोडणाऱ्याच्या बोटांकडे बघून अंदाज बांधतं, म्हणून दर वेळी थांबण्याचा वेळ बदला.

चपळाईसाठी १० मीटरवर दोन रेघा. पलीकडच्या रेघेवर दोन डस्टर ठेवा. पळत जाऊन एक आणायचा, सुरुवातीच्या रेघेमागे ठेवायचा, फेकायचा नाही, मग दुसरा घेऊन रेघ ओलांडायची. एकूण ४० मीटर. सरळ ५० मीटर बरा पळणारा मुलगा इथे मागे पडला तर अडचण वळण्याआधी थांबण्यात आहे. उंची वाढून शरीराचा भार वर सरकलेला असतो आणि थांबायला लागणारी मांड्यांची ताकद अजून आलेली नसते. खो-खोत हेच लागतं.

शेवटची, उभ्याने लांब उडी. बोटं रेघेमागे, दोन्ही पायांनी उडी, आणि मागच्या टाचेपर्यंतचं अंतर. मागे पडून हात टेकला तर पुन्हा उडी. ही मातीवर घ्या, गच्चीच्या फरशीवर नको. यात एक बारकावा आहे जो शाळेत कोणी बघत नाही: आधी हात कमरेवर ठेवून तीन उड्या घ्यायला लावा, मग हातांचा झोका देऊन तीन. मोठ्या माणसांत झोक्याने उडी सुमारे पाचव्या हिश्श्याने लांबते. तुमच्या मुलाची जवळजवळ सारखीच राहिली, तर पायांत जोर असूनही हात-पाय एका वेळी कामाला लागत नाहीत, असा त्याचा अर्थ. हात पुढे येण्याआधीच पाय जमीन सोडतात. मोबाईलवर बाजूने चित्रण करून हळू वेगाने दाखवा, मुलाला स्वतःलाच दिसतं.

प्रत्येक गोष्टीचे दोन-तीन प्रयत्न घ्या आणि सगळे लिहा. त्याच दिवसाच्या दोन प्रयत्नांत जेवढा फरक पडतो तेवढा फरक तीन महिन्यांनी पडला, तर काही बदललं नाही असंच समजायचं. एवढं पाळलंत तर निम्मी काळजी कमी होईल. दर आठवड्याला मोजू नका. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चची सुरुवात पुरे, तीच वेळ, तेच बूट. उंचीही त्याच सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक काटकोनात. सकाळी यासाठी की संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते. शिवाय स्टुलावर बसवून बसलेली उंची घ्या, स्टुलाची उंची वजा करा. उभ्या उंचीतून ती वजा केली की पायांची लांबी मिळते. पायांची वाढ मंदावली आणि धड वाढू लागलं की पुढच्या काही महिन्यांत ताकदीचे आकडे वर येताना दिसतील.

ठेचकाळण्याबद्दल. मेंदूने जुन्या लांबीच्या पायाचा हिशेब पक्का केलेला असतो, पाय मात्र नवीन मापाचा झालेला असतो. लांब पाय नुसता जड होत नाही, फिरवायलाही अवघड जातो. हा गोंधळ सगळ्याच मुलांत होत नाही, पण होतो तेव्हा काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात निवळतो, आणि हालचाल चालू ठेवली तर लवकर निवळतो. म्हणून या वर्षी खेळ बंद करणं हा सगळ्यात वाईट निर्णय ठरेल. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडांना ताकद देणारी. नववीच्या क्लासने ही गरज कमी होत नाही.

काय करून घ्यायचं? आठवड्यातून चार दिवस अर्धा तास. पाच मिनिटं हलकं पळणं, मग प्रत्येक पायावर १० मीटर लंगडी तीन वेळा. लंगडीसारखा तोल आणि घोट्याची ताकद एकत्र देणारा खेळ आपल्याकडे आयताच आहे, आठवीची मुलं तो लहान मुलांचा म्हणून सोडून देतात. मग जिन्याच्या एका पायरीवरून खाली उडी आणि आवाज न करता उतरणं, गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत, आत पडलेले नकोत. पाच-पाच वेळा तीनदा. दोरीवरच्या उड्या ३० सेकंद, तेवढीच विश्रांती, सहा वेळा. बैठका १० च्या तीन फेऱ्या. जोर जमिनीवर न काढता हात तिसऱ्या पायरीवर ठेवून ८ च्या तीन फेऱ्या, तिन्ही पूर्ण आणि नीट जमल्या की दुसऱ्या पायरीवर उतरायचं. शेवटी भिंतीवर चेंडू पाच मिनिटं, आणि अंग गरम असतानाच मांडीमागचा ताण प्रत्येक पायाला ३० सेकंद, दोनदा. ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते ही समजूत निराधार आहे. नीट शिकवून घेतलेला जोर-बैठकांचा व्यायाम या वयात सुरक्षित आहे.

६०० मीटरसाठी आठवड्यातून एकदा वेगळं. पहिले दोन आठवडे १०० मीटर ३४ सेकंदांत, सहा वेळा, मध्ये मिनिटभर चालणं. ३० सेकंदांत आला तरी चूक आणि ३८ मध्ये आला तरी चूक, घड्याळ तुम्ही धरा. पुढचे दोन आठवडे २०० मीटर ६८ सेकंदांत, तीनदा. मग सलग ६००, पहिली फेरी मुद्दाम सावकाश वाटेल अशी. एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी साडेसातच्या आत आटपा.

मिसरूड फुटलेल्या मुलाशी तुलना थांबवा. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. त्याची ताकद आधी आली आहे, तुमच्या मुलाची यायची आहे, आणि दोघांमधलं अंतर पुढे बरंच कमी होतं. पीटीच्या सरांना भेटा, पण तक्रारीच्या सुरात नको. साठ मुलांची टेस्ट एका तासिकेत घेणं सोपं नसतं. त्यांना वहीतली उंची दाखवा आणि विचारा, संघात नसला तरी सरावाला घ्याल का? खो-खोत लांब हातांचा मुलगा खांबावर गडी टिपायला आणि सूर मारायला उपयोगी पडतो. पण सूर मारणं मॅटवर किंवा मऊ मातीतच शिकू द्या, आणि तेही उतरणं नीट जमल्यावर.

अकॅडमीची घाई नको. सुट्टीचं शिबिर निवडायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा: दिवसातून किती तास, किती खेळ, आणि उंची-वजन नोंदवता का? एकाच खेळाचे रोज चार तास घेणारं शिबिर या वर्षी टाळा. वाढत्या हाडावर स्नायूचा दोर जिथे जोडलेला असतो ती जागा या वयात कच्ची असते. गुडघ्याच्या वाटीखाली उंचवटा येऊन दाबल्यावर दुखणं, किंवा टाचेच्या मागे दुखणं, ही त्याची खूण. दुखत असेल तर उड्या आणि पळणं कमी करा, दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पोहणं मात्र चालू ठेवता येतं.

काही गोष्टी वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायच्या. पळताना छातीत दुखणं, घेरी येऊन पडणं, घशात शिट्टीसारखा आवाज. आधी येत असलेली गोष्ट, जसं सायकल किंवा जिना, आता येईनाशी होणं, किंवा एकाच बाजूचा हात-पाय कमजोर वाटणं. आणि वेंधळेपणा उंची वाढायच्या आधीपासून, म्हणजे बटणं लावताना, लिहिताना, सायकल शिकतानाही होता का ते आठवून बघा. तसं असेल तर बालविकासतज्ज्ञ किंवा मुलांचे फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून समन्वयाची तपासणी करून घ्या, कारण ती अडचण आपोआप निवळत नाही आणि मदतीने खूप सुधारते. डोळ्यांची तपासणी तर या महिन्यातच करा. चष्म्याचा नंबर वाढलेला असला की झेल सुटतात आणि उंबरा दिसत नाही, आणि दोष हातापायांना लागतो.

धाकटीची वही आजच सुरू करा. ११ व्या वर्षी तिची उंची जोरात वाढायला लागली असेल किंवा लवकरच लागेल, म्हणजे भावाच्या आठवीसारखा रिपोर्ट तिला सहावीतच येऊ शकतो. मुलींचे धावण्याचे आकडे या वयानंतर बऱ्याचदा जागच्या जागी राहतात. त्यातला काही भाग शरीराच्या बदलाचा, आणि काही भाग खेळणं थांबल्याचा. पाळी सुरू झाली की मैदानावरचे कपडे, शाळेतलं स्वच्छतागृह आणि सोबत खेळणाऱ्या मैत्रिणी या तीन गोष्टींवर ती खेळत राहील की नाही ते ठरतं. तेव्हा तिच्यासाठी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि मापाचे बूट आधी घ्या, हिमोग्लोबिन तिचंही तपासा, आणि लंगडी-दोरीच्या अर्ध्या तासाला दोघांना एकत्रच उतरवा.